जोतीराव, लहुजींची तालीम आणि ती मध्यरात्र

महात्मा जोतीराव फुल्यांवर निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी आपल्या मंडळात सापडायचा नाही. जन्म ११ एप्रिल १८२७, मुलींची शाळा १८४८, सत्यशोधक समाज १८७३, निधन २८ नोव्हेंबर १८९०. एवढं पाठ असलं की पाच-सहा गुण खिशात. मीही असंच पाठ करत पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत आले. या लेखात मात्र मला जोतीरावांकडं जरा वेगळ्या दारानं जायचंय. ते दार म्हणजे एक प्रश्न. समोरचा माणूस हत्यार घेऊन आलाय आणि आपल्या हातात काही नाही, अशा वेळी काय करायचं?

जोतीरावांच्या आयुष्यात हा प्रश्न एका रात्री खरोखर येऊन उभा राहिला. निबंधात तो दोन ओळींत संपतो. मारेकरी आले, जोतीरावांच्या बोलण्यानं त्यांचं मतपरिवर्तन झालं, पुढचा मुद्दा. माझं यावर कधी समाधान झालं नाही. मतपरिवर्तन झालं म्हणजे नेमकं काय झालं? आणि ज्या माणसाला ते जमलं, त्याची त्यामागची तयारी काय होती?

हा प्रश्न मला का पडावा, तेही सांगते. मी औरादची. बिदर जिल्ह्यातला, मांजरा नदीकाठचा आमचा तालुका. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि लमाणी, असं आमचं रोजचं बोलणं. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो. मग आम्ही म्हैसूर राज्यात आलो आणि तोवर आमच्याच जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भाषेनं आम्ही अजून दोन्हीकडचे आहोत. आमच्या भागात मोहरमात अलाव्याभोवती लाठी-बनेटी खेळतात आणि खेळणारात हिंदू-मुसलमान दोघंही असतात. जुनी माणसं बिनोट नावाच्या विद्येबद्दल बोलतात. हातात तलवार नसताना, नुसत्या रुमालानं किंवा वीतभर काठीनं समोरच्याचं हत्यार कसं निकामी करायचं, त्याची ती विद्या. ती येणारी माणसं आता फार राहिली नाहीत. हत्यारं मात्र राहिलीत. तलवारीनं वाढदिवसाचा केक कापणाऱ्या पोरांचे व्हिडिओ कुणाच्या मोबाइलवर नाहीत?

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं मुलींसाठी तीन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर झालं. मीही नाव दिलं. शिकवायला आलेल्या सरांनी पहिल्याच दिवशी आमचा सिनेमातला सगळा उत्साह उतरवला. त्यांनी रबराचा चाकू आणला होता. त्याच्या धारेला लाल लिपस्टिक फासली आणि जोड्या लावून आम्हाला तो एकमेकींच्या हातातून हिसकावून घ्यायला सांगितलं. पाच मिनिटांनी सगळ्यांचे हात बघितले. जिला चाकू हिसकावता आला नाही तिच्या हातावर लाल रेषा होत्या, आणि जिला हिसकावता आला तिच्या हातावरही होत्या. सर म्हणाले, चाकूपुढं जिंकण्याचा अर्थ एवढाच की कमी कापलं जायचं.

मग त्यांनी नियम सांगितले. पळता येत असेल तर पळायचं, त्यात लाज नाही. पर्स किंवा मोबाइल मागितला तर लांब फेकायचा आणि उलट्या दिशेनं धावायचं. अंतर ठेवायचं. दप्तर, खुर्ची, जे हाताला लागेल ते दोघांच्या मधे आणायचं. सगळा वेळ ओरडत राहायचं. काहीच शक्य नसेल आणि माणूस अंगावर आलाच, तर पात्याच्या रेषेतून बाजूला व्हायचं, हत्यार धरलेलं मनगट दोन्ही हातांनी पकडून अंगाशी दाबायचं आणि मेलं तरी सोडायचं नाही. पात्याला हात घालायचा नाही. आणि हे सगळं शेकडो वेळा केलेलं असेल तरच ऐन वेळी त्यातलं थोडंफार सुचतं.

तीन दिवसांत शेकडो वेळा काही होत नाही. पण त्यांच्या शेवटच्या वाक्यानं मला जोतीराव आठवले. कारण जोतीरावांनी हे शेकडो वेळा केलेलं होतं.

जोतीरावांचं मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. घरातले लोक पुण्यात येऊन फुलांच्या धंद्यात शिरले आणि फुले झाले. आई चिमणाबाई मूल वर्षाचं होण्याआधीच गेली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या मावसबहिणीनं त्यांना वाढवलं. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुलं सांभाळायच्या, त्यामुळं चार इंग्रजी शब्द त्यांच्या कानावरून गेलेले होते आणि शिक्षणाची किंमत त्यांना कळत होती. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातलं, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं कुणीतरी डोक्यात भरवलं आणि मुलाला शाळेतून काढून मळ्यात लावलं. १८४० साली, तेराव्या वर्षी, नायगावच्या नऊ वर्षांच्या सावित्रीबाईंशी त्यांचं लग्न झालं. मळ्यात काम करून रात्री दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा शेजारच्या दोघांच्या नजरेत भरला. एक गफ्फार बेग मुन्शी, दुसरे लिजिट साहेब. त्यांनी गोविंदरावांची समजूत काढली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले, ते स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत. १८४७ पर्यंत ते तिथं शिकले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे जन्मभराचे मित्र त्यांना त्याच काळात मिळाले.

या वर्षांत जोतीराव आणखी एका शाळेत जात होते, आणि ती निबंधात फारशी येत नाही. ती म्हणजे लहुजी राघोजी साळवे यांची तालीम. लहुजी पुरंदरच्या पायथ्याचे, मांग समाजातले. त्यांचे वडील राघोजी हे नावाजलेले शस्त्रधारी. पेशवाई बुडाली तेव्हा लहुजी तरुण होते. गेलेलं राज्य परत मिळवायचं या ध्यासानं त्यांनी पुण्यात पोरं तयार करायला घेतली. दांडपट्टा, तलवार, लाठी, नेमबाजी, कुस्ती. लोक त्यांना वस्ताद म्हणत. जोतीराव आणि त्यांचे ब्राह्मण मित्र या मांग वस्तादाच्या हाताखाली घाम गाळत होते, ही त्या काळच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती. पुढं वासुदेव बळवंत फडकेही लहुजींच्या शिष्यांत गणले गेले. लहुजींकडं आपण दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकलो, हे जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवलंय आणि त्यामागं इंग्रजांना घालवण्याचा विचार होता, हेही लपवलेलं नाही.

दांडपट्टा म्हणजे काय, हे ज्यांनी नुसतं मिरवणुकीत बघितलंय त्यांच्यासाठी सांगते. हे लांब, लवचिक, दुधारी पातं असतं. त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी खोळीत असते, त्यामुळं मनगट वळत नाही. सगळा फेर खांद्यातून आणि कमरेतून घ्यावा लागतो. जमिनीवर ठेवलेलं लिंबू न बघता कापायचं, माणसाच्या तळहातावरचा विडा तळहाताला न लागता कापायचा, असे त्यातले कसब. म्हणजे या विद्येत मारण्याइतकंच न मारण्याचंही माप शिकावं लागतं. पातं कुठं थांबतं, ते ज्याला कळतं तोच वस्तादापुढं टिकतो.

१८४८ साली जोतीरावांचं आयुष्य वळलं. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालत होते, तेव्हा त्यांची जात काढून अपमान झाला. त्याच सुमारास अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी बघितली होती. त्याच वर्षी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. इंग्रजांशी पट्टा घेऊन लढायला निघालेला तरुण घरातल्याच शत्रूकडं वळला, आणि त्यासाठी त्यानं हातात खडू घेतला. १८४९ साली लोकांच्या दबावामुळं वडिलांनी दोघांना घराबाहेर काढलं. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्या घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकवायला लागल्या. पुढं महार-मांग मुलांसाठी शाळा निघाल्या. या शाळांना मुलं मिळवून द्यायला आणि त्यांना सांभाळायला लहुजी वस्ताद पुढं होते, असं सांगतात. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शाली देऊन सरकारनं त्यांचा सन्मान केला. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्याच वर्षी जोतीरावांनी दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली.

ज्यांना हे खपत नव्हतं ते सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण आणि चिखल फेकत होते. त्या शाळेत बदलायला दुसरं लुगडं नेत. एकदा एका गुंडानं वाट अडवली तर त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली, असंही सांगितलं जातं. शिव्या झाल्या, बहिष्कार झाला, शेण झालं. कशानंच हे दोघं थांबेनात, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात पुढची पायरी आली.

साल १८५६. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे, आणि सांगणाऱ्यागणिक बारीकसारीक फरक पडत असले तरी गाभा एकच आहे. मध्यरात्री घरात चाहूल लागली आणि जोतीरावांना जाग आली. मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात दोन माणसं उभी होती, हातात हत्यारं. जोतीरावांनी विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, तुला संपवायला आलोय. जोतीरावांनी विचारलं, मी तुमचं काय वाकडं केलं? त्यांनी कबूल केलं की तुम्ही आमचं काहीच वाकडं केलेलं नाही. मग मला मारून तुम्हाला काय मिळणार? उत्तर आलं की दोघांना हजार-हजार रुपये मिळणार आहेत. तेव्हा जोतीरावांनी सांगितलं की माझं आयुष्य तुमच्यासारख्या गरिबांसाठीच चाललंय, माझ्या मरणानं तुमच्या घरात चार पैसे येणार असतील तर खुशाल मारा. दोघांचे हात खाली आले. ते पाया पडले आणि उलट आम्हाला पाठवणाऱ्यांनाच संपवतो म्हणायला लागले. जोतीरावांनी त्यालाही नाही म्हटलं. त्यातला एक रोडे, दुसरा धोंडिराम नामदेव कुंभार.

आता माझ्या शिबिरातले नियम या रात्रीला लावून बघते. जोतीराव पळाले नाहीत. मधे काही आणलं नाही. मनगट धरलं नाही. सरांच्या हिशोबानं नापासच. पण नीट बघितलं तर एक नियम त्यांनी तंतोतंत पाळला, आणि तो वस्तादाकडं शिकलेला माणूसच पाळू शकतो. त्यांची नजर पात्यावर खिळली नाही, ती पात्यामागच्या माणसावर गेली. ज्यानं आयुष्यात कधी धारेसमोर उभं राहून बघितलेलं नाही, त्याला अशा वेळी फक्त धार दिसते. तोंड कोरडं पडतं, आवाज फुटत नाही. जोतीरावांना मात्र प्रश्न विचारता आले, तेही ओळीनं तीन. आधी कोण, मग का, मग किती. हे धैर्य जन्मजात असेलही. पण तालमीतल्या वर्षांचा त्यात वाटा नव्हता, असं मला म्हणवत नाही. लहुजींनी पट्टा शिकवला म्हणून त्यांना पट्टा न उचलताही उभं राहता आलं, असं मला वाटतं.

आणि ते प्रश्नही नुसते वेळ काढायला नव्हते. तिसऱ्या प्रश्नानं खरी गोष्ट बाहेर काढली. या दोघांचं जोतीरावांशी वैर नव्हतं. वैर दुसऱ्या कुणाचं होतं, आणि ज्यांचं होतं ते आपापल्या वाड्यात अंथरुणात होते. हत्यार गरिबाच्या हातात होतं, भाड्यानं. हजार रुपये ही त्या काळी राबणाऱ्या माणसानं जन्मात एकत्र न बघितलेली रक्कम. म्हणजे त्या खोलीत तीन माणसं होती, तिघंही शूद्र मानल्या गेलेल्या जातींतली, आणि त्यातल्या दोघांना तिसऱ्यावर सोडलं गेलं होतं. जोतीरावांना हे दिसलं आणि त्यांनी ते त्या दोघांनाही दाखवलं.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायचीय, विशेषतः माझ्याबरोबरच्या मुलींना. ही गोष्ट म्हणजे युक्ती नाही. चाकू घेतलेल्या माणसाशी गोड बोला म्हणजे तो चाकू टाकेल, असा धडा यातून कुणी काढला तर तो जीवघेणा आहे. आपल्याला आधीच लहानपणापासून सगळ्यावर समजूतदारपणानं घ्यायला शिकवतात. जो माणूस नकार ऐकून चिडलाय, किंवा नशेत आहे, त्याला आपलं चरित्र ऐकायचं नसतं. तिथं सरांचेच नियम. पळा, ओरडा, दप्तर मधे घाला. जोतीरावांचे शब्द चालले, कारण त्या शब्दांमागं आठ वर्षांचं काम उभं होतं. गरिबांसाठी झटतोय, असं सांगणारा माणूस खरंच झटतोय, हे त्या दोघांना तपासून बघायची गरज नव्हती. अख्ख्या पुण्याला ते माहीत होतं. आपण असं बोलायला गेलो तर आपल्यामागं काय आहे, हे आधी विचारावं लागेल.

बायकांनी काय करायचं, याचं उत्तर त्याच घरात दुसरीकडं सापडतं. ऑगस्ट १८६८ मध्ये सावित्रीबाई माहेरी नायगावला असताना त्यांनी जोतीरावांना एक पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जडलं होतं, मुलगी गरोदर होती. गावाला कळल्यावर लोकांनी दोघांना भर रस्त्यातून मारत मारत चालवलं होतं, जिवानिशी मारायचंच ठरवून. सावित्रीबाईंना हे कळताच त्या धावत मधे पडल्या. त्यांनी मारणाऱ्यांना प्रेमाबिमाचं काही सांगितलं नाही. खून केला तर इंग्रज सरकारच्या कायद्यानं तुमचं काय होईल, ते सांगितलं. जमाव थांबला. दोघं वाचले, आणि त्यांना पुण्याला जोतीरावांकडं पाठवायचं ठरलं. इथंही मनगट धरलेलं नाही. पण शब्द वेगळे आहेत. एकट्या दोन मारेकऱ्यांसमोर जोतीरावांनी त्यांच्या गरिबीशी बोलणं केलं. चिडलेल्या जमावासमोर सावित्रीबाईंनी फासाची आठवण करून दिली. कुणासमोर काय चालेल हे दोघांनाही कळत होतं, कारण दोघंही या माणसांत रोज वावरत होते. औरादसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मला हे पत्र जास्त जवळचं वाटतं. जात बदलून प्रेम केलं म्हणून उगारले जाणारे हात आमच्या भागात, आणि तुमच्याही, इतिहासजमा झालेले नाहीत. त्या वेळी मधे पडणारी एक बाई आणि तिला पाठ असलेला कायदा, एवढ्यानं दोन जीव वाचू शकतात.

आता मूळ गोष्टीकडं येते, कारण त्या मध्यरात्रीपेक्षा मला दुसरा दिवस महत्त्वाचा वाटतो. हत्यार हातातून खाली पडलं, तरी सकाळी त्या दोन माणसांच्या घरची चूल तशीच थंड होती. हजार रुपये गेले होते, आणि पाठवणाऱ्यांचा रागही ओढवला असणार. अशा माणसाला पुन्हा कुणीतरी हत्यार देतो आणि तो ते पुन्हा घेतो. जोतीरावांनी त्यांना माफ करून घरी पाठवलं असतं तरी चरित्रकारांनी त्यांचं कौतुकच केलं असतं. त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. दोघं रात्रीच्या शाळेत आले, अक्षरं शिकले. रोडे जोतीरावांचा पाठीराखा झाला, त्यांच्या जिवाला जपणारा. धोंडिराम शिकत गेला, वाद घालण्याइतका शिकला आणि पुढं सत्यशोधक समाजाचा खंदा कार्यकर्ता झाला. शिबिरात आम्हाला हत्यार हातातून कसं सोडवायचं ते शिकवलं. सोडवलेल्या त्या हातात पुढं काय द्यायचं, हे शिकवायला तीन दिवस पुरले नसते.

१८७३ साली जोतीरावांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आलं. ते संवादाच्या रूपात आहे. एक बोलणारा जोतीबा, आणि त्याला प्रश्न विचारणारा धोंडीबा. हे नाव वाचलं की मला तो १८५६ चा धोंडिराम आठवतो. त्या रात्री प्रश्न जोतीरावांनी विचारले होते आणि उत्तरं द्यायची पाळी धोंडिरामाची होती. पुस्तकात प्रश्न धोंडीबा विचारतो. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

एवढं वाचून कुणाला वाटेल की जोतीरावांनी त्या रात्रीनंतर बळाचा विचारच सोडला. तसं झालं नाही. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. आमच्या सीमाभागात आर्य समाजामुळं दयानंदांचं नाव घरोघरी माहीत आहे, निजामाविरुद्धच्या लढ्यात उदगीरचे भाई श्यामलाल बिदरच्या तुरुंगात मरण पावले ते याच समाजाचे. तर, पुण्यात दयानंदांची मिरवणूक काढायची ठरली. विरोधक ती उधळणार, अशी चिन्हं होती. त्यांनी गाढवाची वेगळी मिरवणूकही काढली. तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी मदत मागितली ती जोतीरावांकडं. दयानंदांचे वेदांबद्दलचे विचार जोतीरावांना मान्य नव्हते. तरी ते आपली माणसं घेऊन मिरवणुकीत चालले. चिखलफेक झाली, गोंधळ झाला, पण जोतीराव हटले नाहीत. ज्याचं म्हणणं पटत नाही त्यालाही ते मांडता आलं पाहिजे, आणि त्यासाठी वेळ आली तर अंगानं उभं राहिलं पाहिजे, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. तालमीतला माणूस त्यांच्यात शेवटपर्यंत होता. फरक इतकाच की त्याचं बळ दुसऱ्याच्या बचावाला होतं.

त्यांचं बाकीचं काम आपल्याला माहीतच आहे. १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला, १८७७ च्या दुष्काळात अन्नछत्र, १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन. मधल्या काळात त्यांनी बांधकामाची कंत्राटंही घेतली, खडकवासल्याच्या धरणाच्या कामात त्यांचा हात होता, त्यामुळं राबणारी माणसं त्यांना पुस्तकातून भेटलेली नव्हती. लहुजी वस्ताद १७ फेब्रुवारी १८८१ रोजी वारले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीला लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोन महिन्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दांडपट्टा फिरवलेला, वीट-चुन्याचे हिशोब लिहिलेला उजवा हात थांबला. त्यांनी डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुरं केलं. ते पुस्तक छापून आलं १८९१ साली, त्यांच्या पश्चात.

आमच्याकडं १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंतीला मातंग वस्तीत मिरवणूक निघते, तेव्हा अण्णाभाऊंच्या शेजारी लहुजींची तसबीर असते, पिळदार मिशांची. बघणाऱ्याला ती शस्त्रांचीच आठवण देते. मला वाटतं, त्या तसबिरीशेजारी धोंडिराम नामदेव कुंभारांचीही आठवण कुणीतरी काढावी. लहुजींच्या शिष्याला मारायला आलेला हा माणूस. ज्या हातात १८५६ साली हत्यार होतं, त्याच हातानं पुढं ‘वेदाचार’ नावाचं पुस्तक लिहिलं.